पातं थोरल्याकडं, मूठ धाकट्याकडं

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि लिहायचं मी रोज उद्यावर ढकलत आलो. कधी शाई नसायची. शाई असली की कुठं तरी जुना वस्तरा असल्याची खबर लागायची. आखाडा बाळापूरच्या बाजारात तुम्ही लिंबाखाली धोकटी उघडून बसायचात, वस्तरा माझ्या हाती द्यायचात, आणि मी पात्याच्या बुडाशी ठोकलेला कारखान्याचा छाप बघत राहायचो. गिऱ्हाइकाच्या गालावर साबणाचा पापड व्हायचा. "अरं, दाढी कर! वस्तऱ्याचं गोत्र काहून पुसून राहिला? सोयरीक करायची का त्याच्याशी?" तुम्ही ओरडायचात अन् साबणातलं गिऱ्हाईकही हसायचं. सोयरीकच झाली म्हणा. झोळीत आता वस्तरेच वस्तरे आहेत, आणि दाढी माझीच वाढलेली.

सध्या साखऱ्यात आहे. इथल्या दोन न्हावी भावांनी वाटण्या केल्या. घर निम्मं, बैल एकेक, गिऱ्हाइकं निम्मी. बापाचा वस्तरा एकच, तर तोही वाटला! खिळा काढून पातं थोरल्यानं घेतलं, मूठ धाकट्यानं. तेव्हापासून बोलणं बंद. पातं बघितलं आणि माझा जीव अडकला. रुंद, दोन्ही अंगांनी खोलगट घासलेलं, नखानं टिचकी मारली की घंटीसारखं वाजतं. असं मी कुठंच पाहिलं नाही. मुठीसकट ते मला हवंच आहे. घ्यायच्या वस्तूची तारीफ करू नये, हे तुमचंच सांगणं. पण दोघांना खूश करायच्या नादात मी थोरल्याला म्हणालो, "मामा, पातं अस्सल विलायती." धाकट्याला म्हणालो, "मूठ हस्तिदंती." झालं. थोरला म्हणे, "मंग इकू काहून?" धाकटा म्हणे, "आदी त्याला इकू द्या." आतून त्याची बायको बोलली, "हस्तिदंत हाय व्हय? मंग आमी हत्तीवाले झालो की! आता दाढ्या काहून करायच्या?"

मूठ बैलाच्या हाडाची आहे, आबा. हाडाला असतात ते बारीक काळे ठिपके मला लख्ख दिसले होते. हे फक्त तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही, आणि हे पत्रही कुठं जाणार नाही. थोरल्याच्या ओट्यावर ठाण मांडून बसलोय. वाटतं, कंटाळून तरी देईल. थांबा जरा. गल्लीतून धाकटा येऊन राहिला! वाटणीपासून त्यानं या ओट्याला पाय लावला नव्हता. हातात मूठ आहे. माझ्याकडं बघतसुद्धा नाही. भावाला विचारतोय, "दादा, याचा खिळा तुझ्यापाशीच हाय न्हवं?"