बांधाचा गडी

रविवार, ११ मे १९५८

सकाळच्या गाडीने साळुंखे जमीन बघायला आले. मुंबईत गिरणीत जॉबर, मूळचे साताऱ्याकडचे. गावी वाटणीची थोडी जमीन आहे, म्हणजे शेतकरी असल्याचा दाखला मिळेल, कागदाला अडचण नाही. नोकरी तीन वर्षं उरली, मग इकडेच भात करीन म्हणतात.

दुपारी घरीच जेवू घातलं. सौ.ने डाळिंब्यांची उसळ केली होती, पाहुण्यांनी तीनदा मागून घेतली. खाडीला बांध घालून केलेली ही खारीतली जमीन उन्हाळ्यात आणि उन्हं कलल्यावर दाखवावी हा माझा जुना नियम. म्हणून चारनंतर सायकलवर डबलसीट बेलपाड्याला. सीताबाईंची चार खाचरं. जमीन कोरडीठाक, खाडी लांब आणि बांधावर गार वारा. साळुंखे बांधावरून चालताना म्हणाले, "रस्ता चांगला केलाय गावानं." मी हसलो आणि दराचं बोलणं काढलं.

जमीन पसंत. येताना चढावर दोघंही उतरून चाललो. मोठा भला माणूस.

गुरुवार, २९ मे

खरेदीखत झालं. चतुःसीमा मीच मोठ्याने वाचून दाखवली, "पश्चिमेस बांध व त्यापुढे खाडी." बावीस वर्षं हे वाचतोय, आता झोपेतही म्हणेन.

सीताबाईंनी अंगठा दिला. मुलगा मुंबईला गोदीत आहे, त्याच्याकडे कायमच्या चालल्या. कचेरीबाहेर साळुंख्यांचा हात धरून म्हणाल्या, "बांदाला मानूस धाडीत जा, बाबा." साळुंख्यांनी मान डोलावली. म्हातारीचा जीव अडकलाय. मला गाडी गाठायची घाई, पेढे वाटले आणि सगळ्यांना स्टँडवर नेलं.

लोक दलाल म्हटलं की नाक मुरडतात. पण आज म्हातारीची सोय झाली, गिरणीतल्या माणसाला माती मिळाली. पोटापाण्याला असा धंदा दिला, देवाचे उपकार.

रविवार, १३ जुलै

साळुंखे आठवड्याची रजा काढून लावणीला आलेत. बाया लावून घेतल्या, स्वतःही गुडघाभर चिखलात. घाटावरचा गडी, पण हात चालतो. मला बघून ओरडले, "राव, उतरा की!" मी छत्री दाखवली. हे धोतर कशाला घाण करू?

सोमवार, २९ सप्टेंबर

अंग ठणकतंय, बोटं वळत नाहीत. तरी लिहून ठेवतो.

काल प्रतिपदा. जेवून बाहेर पडतोय तोच धर्मा पाटलांचा पुतण्या बाजारात दोर आणि गोणपाटं घ्यायला आलेला भेटला. म्हणाला, बेलपाड्याच्या बांधाला उधाणात खांड गेली, खाडी शेतात शिरलीय. मला एकदम साळुंखे आठवले. त्यांचं भात आता पोटरीत आलेलं. सायकल काढली.

पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. अख्खा गाव बांधावर. पुढच्या भरतीच्या आत खांड बुजली नाही तर सगळी खार मिठात जाते, मग दोन-तीन वर्षं पीक नाही. गावचे वडीलधारे धर्मा पाटील काठी टेकून एकेका शेताचं नाव घेत होते. शेतामागे एक गडी, हा तिथला कायदा. नाव घेतलं की "हाय" येत होतं. मग म्हणाले, "सीताच्या शेताचा कोन?"

 मागून एक जण म्हणाला, नवा मालक मुंबईत, त्याला कुठलं ठाऊक. पाटील म्हणाले, "ठाव कसा नाय? दलालानं सांगितला आसंल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही. मासळीत काटा असतो हे आपण पाहुण्याला सांगतो का? मी याच खाडीकाठी वाढलो, बांध फुटला की धावायचं हे सांगावं लागतं असं कधी मनातच आलं नाही. कागदात ते नसतं. पण साताऱ्याच्या माणसाने भरती कधी बघितली? तो बांधाला रस्ता म्हणाला आणि मी हसलो. सीताबाईंनी माझ्यादेखत सांगितलं, तेव्हाही मी पेढ्यांचा पुडा सोडत होतो.

ज्याचा गडी नाही त्याच्या शेताला गाव हात लावत नाही. ना राखण, ना कापणी. चारी खाचरं कापणीवाचून उभी वाळली असती, आणि गावाची चूक म्हणता आली नसती.

म्हटलं, "पाटील, मी उभा राहतो."

"शेताचा मानूस लागतो. तुमी कोनाचे?"

"आज साळुंख्यांच्या शेताचा."

त्यांनी माझं धोतर वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काठीने रांगेतली जागा दाखवली.

खाडीतून चिखलाचे गोळे हातोहात येत होते. खांडीत मेखा ठोकलेल्या, मध्ये पेंढा, वर चिखल. माझे पहिले चार गोळे पायावरच पडले. शेजारी मिठागरातला एक गडी होता. तो हसला, पण पुढचे गोळे माझ्याकडे देताना अर्धे करून देऊ लागला. त्याचं नावही विचारायचं राहिलं. दिवेलागणीला खांड बुजली. कोणाच्या तरी घरच्या बाईने हातात पेजेचा वाडगा दिला, वर भाजलेलं सुकट. बावीस वर्षांत या गावात चहा पुष्कळ प्यालो, पेज काल पहिल्यांदा मिळाली. डोळ्यांत पाणी आलं, खारा वारा होता म्हणून निभावलं.

साळुंख्यांची खालची दोन खाचरं गेली. वरची दोन वाचली. आज त्यांना सविस्तर पत्र टाकलं. सौ.ने धोतर तीन पाण्यांतून काढलं, चिखल गेला नाही. मग पाठीला तेल चोळून दिलं. काय पुण्य केलं होतं मी!

रविवार, ५ ऑक्टो.

साळुंखे आले. शेतावरच नेलं आणि सगळं तोंडाने सांगितलं. रस्ता म्हणाले तेव्हा मी हसलो, तेही. वाटलं होतं शिव्या घालतील, तयारी ठेवली होती.

त्यांनी करपलेली एक लोंबी हातावर चोळून बघितली, सगळं पोल, आत दाणाच नाही. मग म्हणाले, "आमच्याकडं पाणी आणायला जीव जातो, राव. हितं ते भाईर ठेवायला जातोय."

मी म्हटलं, नको असेल तर दुसरं गिऱ्हाईक मी बघतो, त्याला सगळं सांगून, दलाली न घेता. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. वरच्या खाचरांकडे बघून विचारलं, ही कोणी वाचवली? मी गावाकडे बोट केलं. मग धर्मा पाटलांना भेटायचं म्हणाले. पाटलांनी गूळपाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "शेत घेतला, मंग बांद कोनी घ्यायचा? दर उधानाला मानूस लागंल." साळुंखे म्हणाले, गिरणीत रजा मिळत नाही. पाटील म्हणाले, समुद्रालाही मिळत नाही. दोघंही हसले, पण गाठ सुटली नाही.

गाडीत बसताना माझ्या हाताच्या सालटांकडे बघितलं त्यांनी. तो माणूस मला एक वाकडा शब्द बोलला नाही. मी त्याच्या जागी असतो तर?

रविवार, १२ ऑक्टो. सर्वपित्री

घरचं पान सकाळीच उरकून बेलपाडा. अमावास्येचं उधाण. पाटलांनी पुकारलं, "साळुंक्याचा?" मी म्हटलं, "हाय." पोरंटोरं फिदीफिदी हसली. बांध टिकला. सीताबाईंचं शेत आता साळुंख्यांचं म्हणून पुकारलं, हे मात्र कानाला बरं वाटलं.

धंद्यात एक बदल. खारीतली जमीन यापुढे उधाणाच्या भरतीला दाखवायची, पाणी बांधाला लागलेलं असताना. उद्या एक गिऱ्हाईक यायचं होतं. भरतीचं बोलणं काढल्याबरोबर त्याने काल निरोप धाडला, नको. सौ. म्हणाली, अशाने तुमच्या दारात कोण येईल? आणि पानात आणखी भात वाढला.

शुक्रवार, २४ ऑक्टो.

दसऱ्याच्या सुट्टीत अडकलेलं कार्ड आज आलं. साळुंख्यांचं. अक्षर मोठं, ओळ एकच:

"पौर्णिमा कोणत्या वारी येते व पाणी किती वाजता चढते, कळवावे."

पुढे काही नाही. विकायचं का ठेवायचं, रजा मिळाली का नाही, कशाचा पत्ता नाही. कार्ड उलटसुलट करून तीनदा वाचलं. सौ.ला दाखवलं, ती म्हणाली, शेवटचं बघून जायचं असेल. असेलही.

लगेच उत्तर लिहिलं. सोमवारी. दुपारी साडेबाराच्या सुमारास. जुनं धोतर आणावं, असंही लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

पेटीत टाकून वळतो तर बाजारात धर्मा पाटील, मेखांना लाकूड बघत होते. म्हणाले, "सोमवारी साळुंक्याचा कोन?"

म्हटलं, एक जण तर आहेच. दुसऱ्याचं सोमवारी कळेल.