नवऱ्याचं नाव

सौ. रुद्राणीस शरणार्थ.

प्रकृती बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. लातूर जिल्हा झाला खरा, पण या दुष्काळात नळाला पाणी आलं, की नुसतेच कलेक्टर आले?

किनवटपलीकडच्या गोंडपाड्यांत आमची नागरी हक्क समिती फिरतेय. नक्षलवाद्यांच्या शोधात आलेल्या जवानांनी कुणाला मारलं, कुणाला नेलं, ते मी लिहून घेतो. जन्मभर शाळेत फळ्यावर सुभाषितं घोटलेला हात थकलाय.

काल इथल्याच पाड्यावरची जंगूबाई आली. जवानांनी तिला नवऱ्याचं नाव विचारलं होतं. आपल्यासारखंच त्यांच्यातही बायको ते घेत नाही. ती गप्प राहिली, म्हणून "लपवते" म्हणत तिला मारलं आणि त्याला शेतातून उचललं. महिना झाला, पत्ता नाही.

नावाशिवाय कोर्टात अर्ज होत नाही, म्हणून मीही तेच विचारलं. ती म्हणाली, "तू बी तेच इचारून राहिला का, मास्तर?" शेवटी शेजारणीनं सांगितलं: लच्चू.

जवानांच्या छावणीत परवा आम्हा समितीवाल्यांचीही नावं लिहून घेतली. काळजी नको. पण आठवड्यात परतलो नाही, तर माणिकप्पा वकिलांकडं जा. तिथं "आमचे हे" म्हणत बसू नकोस. उखाण्याशिवाय कधी घेतलं नाहीस ते माझं नाव आडनावासकट, मोठ्यानं सांग.

तुझा,
विरूपाक्ष