उडीची सायकल

प्रेरणाताई,

हे पत्र मी टाकणार नाही. तुमच्या बाबांनी शपथ घातली हाये, "प्रेरणाले सांगू नको, भावाच्या आठवणीनं रडत बसन."

अमर सायकलनं मातीच्या ढिगावरून उडी मारताना पडला अन् गेला, तवापासून त्याची मोडकी सायकल आर्णीत माह्या सायकलच्या दुकानात पडून होती. मागच्या महिन्यात तुमचे बाबा, घनश्यामकाका, आले. म्हणाले, "जमीर, त्याले पायजे होती तशी बांधून दे."

मी म्हटलं, "काका, फ्रेमले तडा गेला. वेल्डिंग केली तरी उडी झेलणार नाही. कोणाचा जीव जाईन."

"कोणीच बसणार नाही. त्याच्या खोलीत ठेवतो."

मंग मी नागपूरहून पार्ट मागवले. अमर सांगे तसेच, झटका खाणारा फोर्क, जाडे टायर, बुटकी सीट. नुसती उभी ठेवायले हलका माल चालला असता, पण माह्यानं तो घेववला नाही. मागचा ब्रेक तर सगळ्यात भारी घेतला.

आज काका सायकल न्यायले आले. त्यांनी ब्रेक दाबून पाह्यला. फिरतं चाक जागीच थांबलं.

"आता हा कायले रे, जमीर?"

मी पान्यानं ब्रेकचा नट अजून एकदा कसून देला. ते सायकल हातानं ढकलत उनात घराकडं गेले.

अमरचा दोस्त,
जमीर