एकोणीस पिवळी जाकिटं

ग्रानमू,
फेब्रुवारीतला दुसरा शनिवार

तीर्थस्वरूप बोर्गहिल्ड आत्यास,

हाल्वोरचा वाकून नमस्कार. (खरं तर अर्धाच वाकलोय. अंगावर लोकरीचे तीन थर आहेत आणि चौथा वाळत घातलाय.) तुझा डावा गुडघा कसा आहे? मांजर परत आलं का? यंदा कॉड मासा किनाऱ्याला वेळेवर लागला असं पेपरात वाचलं. म्हणजे तुझी माशांची शेड भरली असणार, आणि गावातली झाडून सगळी पोरं सुऱ्या घेऊन विकायला माशांच्या जिभा कापत बसली असणार. त्यांना माझी खुशाली कळवू नकोस. हसतील.

मागच्या पत्रानंतर मी बोटीवरची नोकरी सोडली, बेकरीतली सोडली, आणि मधे नऊ दिवस एका माणसाची मेंढरं राखली. त्या मेंढरांनीच मला सोडलं. (त्यातला एक मेंढा फार डोकेबाज होता, कुंपणाचं फाटक शिंगानं उघडायचा, पण ते राहू दे.) सध्या मी इथल्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गावर मदतनीस आहे. झालं हसून? आता पुढं वाच. मी शाळेतून पळून रानात जायचो तेव्हा तू मला कानाला धरून परत वर्गात नेऊन बसवायचीस. आता पोरांना दर गुरुवारी रानात न्यायचा शाळाच मला पगार देते. मी बिघडलेला नव्हतो आत्या, वीस वर्षं लवकर आलो होतो.

पण रान ते रान राहिलेलं नाही. आमच्या मुख्याध्यापिका राग्नफ्रीड बाई म्हणतात, निसर्ग हाच खरा शिक्षक. हे त्या बूट काढून, हीटरवर पाय टेकवून म्हणतात. त्या शिक्षकाची आणि त्यांची शेवटची गाठ कधी पडली हे विचारायची माझी प्राज्ञा नाही. वर्गाच्या ओस्लाउग बाई मात्र रानात येतात, आणि येताना प्लास्टिकच्या पाकिटात घालून तक्ता आणतात. पोरानं काठी उचलली की त्या तक्त्यात ते काठी उचलणं नसतं, ‘लांबीची तुलना’ असते. चिखलात आपटलं की ‘तोल आणि पृष्ठभाग’. झाडाशी जाऊन शू केली तर त्यालाही काहीतरी भारदस्त नाव असणारच, मी अजून त्या पानापर्यंत पोचलेलो नाही. आपल्याकडं शेडमागं आम्ही दिवसभर लांबीची तुलना करून एकमेकांची टाळकी फोडायचो, पण एकानं म्हणून त्याची नोंद ठेवली नाही. केवढं ज्ञान वाया गेलं बघ.

इथं एक वाक्य सगळ्यांना पाठ आहे: हवा कधी वाईट नसते, कपडे वाईट असतात. (हे म्हणणाऱ्यांचे कपडे नेहमी चांगले असतात, हे मी टिपून ठेवलंय.) त्यामुळं आभाळ फाटलं तरी गुरुवार चुकत नाही. पण आधी एकोणीस पोरांना कपडे चढवायचे. आधी पातळ लोकर, मग जाड लोकर, मग रबरी पोशाख, मग बूट, मग बुटाच्या आधी घालायचे राहिलेले मोजे. एकोणिसाव्याची चेन वर सरकते न सरकते तोच पहिल्याला शू लागते. यात सव्वा तास जातो. रानात आम्ही थांबतो दीड तास, त्यातला अर्धा डब्यात जातो: पावाचे काप, त्यावर तपकिरी चीज, दोन कापांच्या मधे कागद. कागद परत न्यायचा. निसर्गाला कागद आवडत नाही म्हणे, तो लाकडाचा असला तरी.

आता नीट लक्ष दे. प्रत्येक पोराच्या प्रत्येक वस्तूवर नाव असतं. टोपीवर, हातमोज्यांवर, डब्यावर, लाकडी पेल्यावरसुद्धा. फक्त सगळ्यांत वर जे पिवळं चमकतं जाकीट असतं त्यावर नाव नसतं, कारण ते नगरपालिकेनं सगळ्या शाळांना एकाच गठ्ठ्यातून वाटलं. आणि रानातल्या ओढ्यापलीकडं दर गुरुवारी दुसरी एक शाळा येते. त्यांचा जाळ आमच्यापेक्षा मोठा असतो, आणि त्यांच्या शाळेत परत गेल्यावर पोरांना गरम सूप मिळतं. आमच्याकडं तपकिरी चीज.

तर परवाचा गुरुवार. धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, दोन्हींचा काला वरून पडत होता. त्या दिवशी तक्त्यात होतं: ‘निसर्गात वीसपर्यंत मोजणे’. पोरं देवदाराची बोंडं मोजत होती, मी पोरं मोजत होतो. ते माझं मुख्य काम. निघताना, डब्याआधी, डब्यानंतर, परतताना. प्रत्येकाच्या डोक्यावर टप्पल मारत जायचं आणि आकडा म्हणायचा. प्रत्येक वेळी एकोणीस भरले. तुझ्या शेडची शपथ, एकोणीस.

मधे फक्त एवढंच झालं की मला एका झाडात सुतारपक्ष्याचं भोक दिसलं, आणि ते पोरांना दाखवायला मी वर चढलो. (आत पिल्लं नव्हती, पण कुणाचा तरी मोजा होता, नाव लिहिलेला!) हे बघायला ओढ्यापलीकडची पोरंही धावत आली. खालून ओस्लाउग बाई ओरडत होत्या, ‘हाल्वोर, आज चढणं नाहीये! चढणं एप्रिलमधे आहे!’ मी उतरलो. दोन्हीकडच्या शिट्ट्या एकदमच वाजल्या, दोन रांगा लागल्या, मी टपल्या मारल्या, एकोणीस भरले, निघालो.

रांगेच्या शेवटाला एक पोरगी रेंगाळत होती. टोपी, त्यावर कानटोपी, त्यावर टोपडं. बाहेर नुसतं नाक. आमची सिग्रून नेहमी अशीच गुंडाळलेली असते. ओस्लाउग बाईंची नजर तिच्या हातमोज्यांवर गेली. त्यावर ‘तूवा’. आमच्या वर्गात तूवा नाही.

‘सिग्रून, कुणाचे हातमोजे घातलेस?’

‘माझे.’

‘यावर तूवा लिहिलंय.’

‘हो.’

‘मग तूवाचे हात आत्ता गारठले असतील ना? तिला कसं वाटत असेल, सांग बघू.’

पोरीनं प्रामाणिकपणे विचार केला. ‘बोटांना गार लागतंय. पण जास्त नाही.’

यावर बाईंनी दुसऱ्याच्या वस्तूंचा मान राखणे या विषयावर पार शाळेच्या फाटकापर्यंत बौद्धिक घेतलं. पोरगी ऐकत होती. तिच्या शाळेत असं रोज होत असावं.

शाळेत आल्यावर कपडे उतरवायला घेतले. कांद्यासारखा एकेक थर निघाला आणि शेवटी आतून भलतीच पोरगी निघाली. लाल केसांची. आमची सिग्रून काळ्या केसांची. ओस्लाउग बाईंच्या हातातला तक्ता ओल्या बुटांत पडला.

‘तू कोण गं?’

‘तूवा. मी कधीची सांगतेय.’

‘अगं, मग आमच्याबरोबर आलीस कशाला?’

तिनं माझ्याकडं बोट केलं. ‘ह्यानं डोक्यावर मारलं आणि सोळा म्हणाला.’

फोन झाले. सिग्रून पलीकडच्या शाळेत सापडली, सूपच्या तिसऱ्या वाडग्यावर. तिथलीही मोजणी बरोबर होती आणि तिथंही कुणाला काही कळलं नव्हतं. वाडगं संपल्याशिवाय येणार नाही असा तिचा निरोप होता. तिला आणेपर्यंत तिचा बाप आमच्या दारात उभा होता. ओरडला नाही. तिचे घरातले छोटे बूट हातात धरून उभा होता. मी ते एकदा बघितलं, मग कोटांच्या खुंट्या मोजत बसलो.

मग राग्नफ्रीड बाईंनी हीटरवरून पाय काढले. ‘आकडा बरोबर आला म्हणजे झालं का हो?’ मी म्हटलं, ‘बाई, तक्त्यात तेवढंच होतं.’ हे बोलायला नको होतं. मला ठेवायचं की काढायचं ते बुधवारी ठरणार आहे. मला काय त्याचं! ज्यांना झाडावर चढायला एप्रिल लागतो त्यांनी मला काय शिकवावं? माझी पिशवी कायम भरलेली असते. वर स्वीडनमधे रेनडिअरची कुंपणं दुरुस्त करायला माणूस हवाय असं कळलंय. शनिवारी निघेन म्हणतो. गुडघ्याला जप. मांजर आलं तर कळव.

तुझा,
हाल्वोर

ता.क. एक किरकोळ गोष्ट. नोकरीच्या अर्जात मी लिहिलं होतं की उत्तरेकडच्या एका ‘सागरी निसर्गशिक्षण केंद्रा’त मी तीन हिवाळे काम केलंय. ते केंद्र म्हणजे तुझी शेड. संचालिका तू. बुधवारी दहा वाजता राग्नफ्रीड बाई तुला फोन करतील. अध्यापनाची पद्धत विचारली तर ‘गप बसा आणि सुरी नीट धरा’ असं सांगू नकोस. किंवा सांगच, ह्यांना आवडेल.

ता.क. २. शनिवारी निघेन असं वर लिहिलंय त्याकडं लक्ष देऊ नकोस. काल सकाळी सिग्रून आली, टोपी, कानटोपी, टोपडं सगळं काढून माझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, ‘सोळा मी आहे. नीट बघून ठेव.’ आता पुढच्या गुरुवारी तिला दुसऱ्याच कुणी टप्पल मारायची म्हणजे तो पुन्हा घोळ घालणार. फोनवर गोड बोल, आत्या.

ता.क. ३. हे पत्र रबरी कोटाच्या खिशातच राहिलं. आज गुरुवार. म्हणजे काल फोनवर तू बोलून बसलीस. राग्नफ्रीड बाईंनी मला तुझं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं: केंद्रबिंद्र काही नाही, माशांची शेड आहे, आणि तिथं रोज संध्याकाळी मोजणीत एक पोर कमी यायचं ते म्हणजे हाच हाल्वोर. बाईंनी पाय परत हीटरवर ठेवले. मग म्हणाल्या, ‘म्हणजे पोरं कुठं हरवतात हे या शाळेत एकट्या तुम्हालाच माहीत आहे.’ जूनपर्यंत ठेवलंय. मोजणी माझ्याकडंच, पण टोपडी काढून, तोंड बघून आणि नाव घेऊन.

दुसरं म्हणजे, ती शेड त्यांच्या डोक्यात बसलीय. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सगळा वर्ग चार दिवस तुझ्याकडं येतोय. जिभा कापणं तक्त्यात चढलंसुद्धा, ‘बोटांचे सूक्ष्म व्यायाम’ म्हणून. आत्याला फार आनंद होईल असं मी सांगून टाकलंय. एकोणीस लहान सुऱ्यांना धार लावून ठेव. आणि सूप तेवढं करू नकोस. सिग्रून परत यायची नाही.