फोन लावून दाखवा

३ मार्च २०२५, सोमवार
आज दोन गाड्या दाखवल्या — म्हणजे आबांशी दोनदा बोलले!

बारामतीच्या या शोरूमला लागले तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकानं हट्ट धरला, 'मोबाईल जोडून फोन लावून दाखवा.' गाडीच्या पडद्यावर माझ्या फोनमधली नावं आली, सगळ्यात वर आबा, माझे वडील. बोट लागलं. नवऱ्याचं घर सोडलं तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पण परक्या माणसादेखत काय करणार? आबांना जनाची लाज फार! गाडीभर आवाज घुमला, 'व्हय, खणखणीत येतोय. पाव्हणं, घिऊन टाका गाडी!'

दीड वर्ष हेच चाललंय. गावी बावड्याला पाऊस झाला का, डाळिंबाचं काय — सगळं मला गिऱ्हाइकाशेजारी बसून कळतं.

१० मार्च
नवं मॉडेल आलं. त्याला आपला मोबाईल जोडताच येत नाही! नकाशा, गाणी, सिम — सगळं कंपनीचं, गाडीतच. बटण दाबलं की कंपनीची बाई बोलते. मॅनेजर लखनसर खूश. 'आता हीच गाडी दाखवायची. घरी फोन लावणं बंद.' मी मान डोलावली.

१५ मार्च
लोणी भापकरचे एक तात्या आले होते. त्या बाईचं गोड बोलणं ऐकून म्हणाले, 'माजा मोबाईल हाय की खिशात. हिच्याशी काय बोलू? ही काय माजी सोयरी हाय व्हय?' मी खूप हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

१९ मार्च
धीर करून खोलीवरून फोन लावला.
'गिऱ्हाईक हाय का संगं?'
'न्हाय आबा, मीच —'
ठेवून दिला! मलाही राग येतो म्हणावं. परत लावणार नाही.

२४ मार्च
दिवसभर मीच बोलत होते. माझ्याशी कोणी बोललं नाही.

३० मार्च, पाडवा
आज अकरा गाड्या द्यायच्या होत्या. हार, पेढे, फोटो — शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. आबा!
'गिऱ्हाईक हाय का?'
नाही म्हटलं तर ठेवतील. 'व्हय,' म्हटलं, 'हाय.'
'मग उरकून घे त्यांचं. मी फोन धरून बसतो.'
नारळ फोडून घेतला, किल्ली दिली, फोटो काढले. परत आले तेव्हा बावीस मिनिटं झाली होती. फोन चालूच होता.