वाकलेल्या शेपट्यांचा पुरावा

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोज लिहिणार. पुढे चरित्रकाराची सोय.
रेडिओ नकाशात एक गॅलक्सी सापडली. तिच्या पोटातून निघालेले दोन्ही झोत मागे वाकलेत, स्कूटरवरच्या माणसाच्या मफलरसारखे. मफलर उडतो म्हणजे वारा आहे. गॅलक्सीला वारा लागतो गरम वायूचा, आणि एवढा वायू असतो गॅलक्सींच्या मोठ्या झुंडीत. म्हणजे क्लस्टर! तोही फार दूरचा. बहुधा विक्रमी.

५ फेब्रुवारी
डायरेक्टर मॅडम म्हणाल्या, शेपट्या ठीक आहेत, झुंड दाखवा. इन्फ्रारेड दुर्बिणीवर एक रात्र मिळेल. जूनपर्यंत क्लस्टर सापडला नाही तर माझं संशोधन बंद आणि रवानगी प्रेक्षक दालनात, शाळेच्या मुलांना ग्रह दाखवायला. हसू आलं. बाहेर दाखवलं नाही.

९ फेब्रुवारी
अर्ज भरला. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना प्रत्येक गोष्टीत शंका, म्हणून मी त्यांना मनात शंकासुर म्हणतो. त्या म्हणाल्या, दुर्बीण कुठे वळवायची ते निर्देशांक एकदा बघू का? म्हटलं, नको, माझं गणित पक्कं आहे. घरी हे सांगितलं तर बायको उगीच खोकली. ती शाळेत गणित शिकवते.

१० फेब्रुवारी ते २० मार्च
लिहायला वेळ झाला नाही. मोठ्या माणसांचं असंच असतं.

२१ मार्च
फोटो आला. झुंड नाही. हवी तिथे काहीच नाही. जेवलो नाही.

२२ मार्च
कळलं! क्लस्टर इतका लांब आहे की त्याचा उजेडच पोचत नाही. रिकामं असणं हाच पुरावा!! काल उगाच उपाशी राहिलो. सासऱ्यांना फोन केला, त्यांनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. बायको म्हणाली, डबा रिकामा दिसला की पोट भरलं म्हणायचं का? शाळेतल्या गणिताची झेप तेवढीच.

१७ एप्रिल
संस्थेत भाषण. सूट. सगळे अवाक. भारावले असावेत.
मग शंकासुर उठल्या. म्हणाल्या, फोटोतले तारे उत्तर आकाशातले आहेत, तुमची गॅलक्सी दक्षिणेला ना? अर्ज काढून बघितला. दक्षिणेसाठी आकड्याआधी लागतं ते उणे चिन्ह लिहायचंच राहिलं होतं. दुर्बीण रात्रभर भलत्याच दिशेला डोळे ताणून बसली होती. कोणीतरी हसलं. बहुधा मॅडम.
दोष अर्जाचा आहे. चौकट फार लहान आहे.

६ मे
शंकासुरांनी स्वतःच्या वेळातली थोडी मिनिटं काढून, उणे लावून, दुर्बीण वळवली. झुंड आहे! दाट, आणि खरोखर विक्रमी दूर. शेपट्या खोटं बोलत नव्हत्या. मी बरोबर होतो! बाथरूमचा नळ सोडून रडलो. आनंदानं, असं बायकोला सांगितलं.
पेपर शंकासुरांचा. शेवटी आभारात माझं नाव आहे, ‘उपयुक्त चर्चेबद्दल’. चर्चा म्हणजे मी एकदा ‘नको’ म्हणालो होतो.

१५ जून, सकाळ
प्रेक्षक दालनाचा पहिला दिवस. क्लस्टर सापडला, पण तुम्हाला नाही, असं मॅडमचं म्हणणं. पहिली सहल बायकोच्याच शाळेची. कुठल्या गेटनं यायचं ते मीच लिहून पाठवलंय. वाकलेल्या शेपट्यांपासून सुरुवात करणार. निदान मुलांना तरी कळू दे, शोध कोणाचा.

त्याच दिवशी, दक्षिण गेट
अर्धा तास उभा आहे. रस्ता रिकामा. घाबरण्यासारखं काही नाही. लांबून येत असतील.

नंतर
बायकोचा फोन. अख्खी शाळा केव्हाची उत्तर गेटवर उतरली. निरोपात तसंच लिहिलंय, म्हणाली. शंकासुरांनी दालन उघडून दिलं. मुलांना शेपट्यांची गोष्ट सांगून झाली, आता शंका विचारणं चाललंय.
शेवटच्या रांगेत एक खुर्ची रिकामी आहे, ये, म्हणाली.