माझ्यानंतर बँडच्या पुढं कोण चालणार

मी, विरुपाक्ष केदारनाथ हालगे, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा बँडमास्तर, राहणार गेवराई, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. माझी बुद्धी जागेवर आहे आणि डोळे चष्म्यासकट ठीक आहेत. छातीत दम तेवढा राहिलेला नाही, त्यामुळे डॉक्टरने फुंकायची सगळी कामं बंद केली आहेत. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला दोघं-तिघं येऊन गेले, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

नुसतं घरदार वाटायचं असतं तर एवढा कागद लागला नसता. कागद लागला तो ‘शिवगंगा ब्रास बँड’साठी. माझ्यानंतर बँडच्या पुढं क्लॅरिओनेट घेऊन कोण चालणार, हा प्रश्न आहे. माझ्या मते सुनितानं चालावं. सुनिता म्हणजे आमचा ढोलवाला धर्मराज काकडे, राहणार तलवाडा, याची मुलगी. माझा मुलगा रुद्रेश म्हणतो, बँड मोडीत काढा. खुद्द धर्मराज म्हणतो, पोरगी द्यायची न्हाई. दसरा तोंडावर आला आहे. दसरा झाला की तो तिला घेऊन ऊसतोडीला जाईल, आणि तोवर मी असेन की नसेन याची खात्री डॉक्टरही देत नाही. म्हणून ही घाई.

कलम पहिले. मोंढ्यामागचं राहतं घर माझी पत्नी सौ. दानम्मा हिला देतो. ती असेपर्यंत घरात तिचाच शब्द चालेल. तो आत्ताही चालतो, आता कायद्यानेही चालावा. हे लिहीत असताना ती दोनदा येऊन डोकावून गेली. म्हणाली, “मेल्यावरचं एवढं लिवायलात, अन् सकाळच्या गोळ्या कोन खानार?” गोळ्या खाल्ल्या. ही बाई नसती तर माझा बँड पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेला असता. तिच्यावर माझा लई जीव आहे आणि हे सरकारदरबारी नोंदवलेलं बरं.

कलम दुसरे. किराणा दुकानाबाबत मला काही लिहिण्याचा अधिकार नाही. माझ्या वडिलांनी ते मला न देता सुनेच्या, म्हणजे दानम्माच्या नावावर केलं, आणि ती ते रुद्रेशला देणार आहे. माझी हरकत नाही. हरकत आहे का, असं कोणी विचारलेलंही नाही. त्या दुकानाच्या कोपऱ्यात मी जी एस.टी.डी. बूथची काचेची खोली बांधून दिली, ती रुद्रेशला देतो. यंत्राचा त्याला फार नाद. ज्याचा त्याला नाद असावा.

वडिलांनी दुकान मला का दिलं नाही, ते सांगतो. मी गुळाच्या भेल्या जोखत गल्ल्यावर बसायचो तेव्हा समोरून वराती जायच्या. उमापूरचे रामहरी मास्तर पुढं क्लॅरिओनेट वाजवीत चालायचे, आणि माझ्या हातातला काटा तसाच लोंबत राहायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, “अहो सावकार, गूळ द्या.” एके दिवशी गल्ला उघडा टाकून मी वरातीमागं निघालो तो उमापूरपर्यंत. रामहरी मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, वाद्य तोंडातून काढलं, धोतराला पुसलं आणि माझ्या हातात दिलं. “घे बे, फुक.”

फुंकलं. म्हैस हंबरली तसा आवाज आला. पण आला.

आता आमच्यात तोंडानं वाजवायचं वाद्य म्हणजे उष्टं. तबला चालतो, पेटी चालते, टाळ तर देवाचेच. फुंकायचं ते उष्टं, त्यात दुसऱ्याच्या तोंडातलं म्हणजे विचारूच नका. वडील भर दुकानात म्हणाले, “गळ्यात लिंग अन् तोंडात दुसऱ्याचं उष्टं? लिंगायताच्या घरात जन्मलास कावून रे?” मी म्हटलं, महादेव सगळीकडं आहे तर क्लॅरिओनेटच्या तोंडाच्या पत्तीतही असेल. त्या दिवसापासून दुकान गेलं. लग्न होऊन दानम्मा आली, तर तीही मला उंबऱ्यावर चूळ भरायला लावायची आणि वाद्य बाहेर गोठ्यात. शेवटी शेळीनं पिशवीचा कोपरा चावला तेव्हा तिनंच ते उचलून घरात आणलं, देवळीत ठेवलं आणि शेळीला शिव्या घातल्या. पुढं रामहरी मास्तर गेले आणि जाताना तेच क्लॅरिओनेट मला देऊन गेले. मुलाला दिलं नाही, पुतण्याला दिलं नाही. ज्याच्या तोंडी लागलं त्याला दिलं. आमच्या धंद्यात वारसा हा असा चालतो, वकीलसाहेबांनी याची नोंद घ्यावी.

मग मी बँड काढला. माणसं तलवाड्याची, ढोलावर धर्मराज. पहिलं वर्ष झकास गेलं. दसरा आला आणि सगळा बँड कोयते घेऊन ट्रकमध्ये बसला. तुळशीची लग्नं लागली, गावात मुहूर्त सुरू झाले, आणि मी एकटा मास्तर घरात बसून पत्ती ओली करतोय. लोक हसले. पुढच्या दसऱ्याला मीही गाठोडं बांधून त्याच ट्रकमध्ये चढलो.

धर्मराज म्हणाला, “मास्तर, तुमी कावून?”

म्हटलं, “माणसं तिकडं, तर बँड इकडं काय करू?”

ऊस तोडायला गेलो तर मुकादमानं पहिल्याच सकाळी कोयता काढून घेतला. म्हणाला, “दुकानदार, तुमी बैलं राखा.” बैलं राखली. पालापाचोळ्याच्या कोपीत राहिलो, भाकरी खाल्ली, आणि उसाच्या फडात बायकांचं गाणं ऐकलं. पुढं धर्मराजची बायको सरस्वतीबाई म्हणायची, मागं बाकीच्या. ओळीच्या शेवटी ती एक सूर असा खाली ओढायची की कोयते थांबायचे. मी तो रात्री कोपीतल्या भजनाच्या पेटीवर शोधला. सापडला नाही, तो दोन पट्ट्यांच्या मधे राहत होता. क्लॅरिओनेटवर ओठ ढिला सोडला आणि सापडला. सरस्वतीबाई फडातून ओरडली, “मास्तर, माझं गानं चोरायलात व्हय?” म्हटलं, व्हय. म्हणाली, “मग नीट चोरा, शेवटाला घाई कराया लागलात.”

वैशाखात लोक कारखान्यावरून परतले. ऊसतोडवाल्यांची सगळी लग्नं तेव्हाच होतात. तलवाड्यात एका पाठवणीला मी ती सरस्वतीबाईची फडातली चाल लावली. बायका रडायच्या थांबेनात. नवरीचा चुलता अंगावर धावून आला, “लग्नात रडगाणं लावायलास?” म्हटलं, दम धरा, वेस येऊ द्या. वेशीच्या बाहेर पाय पडला आणि धर्मराजनं ढोलाची लय दुप्पट केली. चाल तीच, सूर तोच, आणि तोच चुलता टोपी उडवून नाचतोय. तेव्हापासून शिवगंगाची हीच पद्धत: वेशीपर्यंत रडवायचं, वेशीनंतर नाचवायचं. सुपाऱ्या पार पैठणपासून यायला लागल्या. वकील विठ्ठलरावांचा मुलगा औरंगाबादला शिकतो. तो एकदा ऐकून म्हणाला, “काका, अमेरिकेत कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या लोकांचं असंच गाणं आहे. ब्लूज म्हणतात.” म्हटलं, कापूस आमच्याकडंही आहे, त्यांना नमस्कार कळव.

रुद्रेशचं म्हणणंही लिहून ठेवतो, नाहीतर म्हणेल बापानं ऐकून घेतलं नाही. तो म्हणतो, “अप्पा, जमाना बदलला. टेम्पोवर स्पीकर बसवू, कॅसेट लावू. मान्सं जेवत्यात, स्पीकर जेवत न्हाई.” खरं आहे. पण लाइट गेली की स्पीकर गप्प, आणि आमचा ट्रम्पेटवाला भारत लाइट गेल्यावर दुप्पट वाजवतो. गेवराईत लाइट किती असते ते रुद्रेशला बूथमुळे चांगलं माहीत आहे.

कलम तिसरे. हे नीट वाचावे. सरस्वतीबाई तापानं गेली. तेव्हापासून सुनिता बापाबरोबर फडात आहे. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसं, नवरा-बायको. एकटा माणूस अर्धा कोयता, त्याला मुकादमाची आगाऊ उचलही अर्धीच. सुनिता आईच्या जागी उभी राहिली म्हणून धर्मराजचा कोयता पुरा राहिला. म्हणून तो नाही म्हणतो. त्याला मी वाईट म्हणत नाही, कोणी म्हटलं तर मी भांडेन.

पण ह्या वैशाखात उमापूरला काय झालं ते त्यानंही पाहिलं आहे. वरात मारुतीच्या पाराशी आली आणि माझा दम संपला. सूर अर्ध्यात तुटला. सुनिता बँडमध्ये खुळखुळा वाजवायची. फडावर दुपारच्या सुट्टीत तिनं माझं वाद्य किती वेळा फुंकलं होतं हे मला माहीत होतं, इतरांना नाही. तिनं खुळखुळा भारतच्या खिशात कोंबला, माझ्या हातातून क्लॅरिओनेट घेतलं, पुसलंही नाही, आणि तुटला होता तिथूनच सूर उचलला. शेवटाला घाई केली नाही. मी पाराच्या दगडावर बसून ऐकत होतो आणि मला इतका आनंद झाला की छातीत कळ येतेय हे विसरलो. नवरदेवाचा बाप नाचून दमल्यावर म्हणाला, “आरं, ही तर पोरगी हाय.” मग परत नाचायला लागला. दुसऱ्या दिवशी तलवाड्याचे लोक सुपारी घेऊन आले, म्हणाले, “तीच पोरगी पुढं पाहिजे.”

सबब, बँडचं नाव, सर्व पितळी वाद्यं, ढोल, ताशे, त्यांच्या झुली आणि माझं क्लॅरिओनेट मी कु. सुनिता धर्मराज काकडे हिला देतो. तिचं लग्न होवो, सासर कुठलंही असो, वाद्यं तिचीच. मोडीत घालण्याचा अधिकार कोणाला नाही. चाल मात्र मी देत नाही. वकीलसाहेब म्हणतात, जे आपलं नाही ते मृत्युपत्रात लिहिता येत नाही. चाल तिच्या आईची आहे, ती तिच्याकडं आधीच आहे.

धर्मराजसाठी इथे दोन शब्द. गड्या, माणूस गावात राहिला तर बँडला तुळशीच्या लग्नापासून काम आहे. मी फडावर आलो कारण मला तुम्ही पाहिजे होतात. आता गाव तुम्हाला मागतंय. पुढं तुझी मर्जी.

कलम चौथे. ज्या शेजारच्या बँडवाल्यानं भारतला दोन वेळा फितवून नेलं, त्याला माझा जरीचा कोट द्यावा. त्याच्या पोटावर त्याची गुंडी लागणार नाही, आणि तो प्रयत्न करीत बसेल. ज्या शिंप्यानं आख्ख्या बँडच्या पँटी घोट्याच्या वर शिवल्या, त्याला काही देऊ नये.

कलम पाचवे. माझी शेवटची यात्रा आमच्या रीतीप्रमाणे मला बसवूनच काढावी. स्वामींना सांगून ठेवलं आहे, भजनाच्या मागं बँड राहील. वेशीपर्यंत रडलात तर हरकत नाही. वेशीनंतर कोणी रडताना दिसला तर रुद्रेशनं त्याला बूथमध्ये नेऊन बसवावं. वर माझ्याकडं फोनही लावून द्यावा.

एवढं सगळं मी समजून-उमजून, हसत लिहिलं आहे. साक्षीदारांच्या देखत खाली सही करतो. दुसऱ्या साक्षीदाराची जागा धर्मराजसाठी ठेवली आहे. तो आला नाही तर शेजारचा कोणीही चालेल, पण मी त्याची वाट बघतो आहे.

सही: विरुपाक्ष केदारनाथ हालगे

साक्षीदार १: विठ्ठलराव माणिकराव पाटांगणकर, वकील, गेवराई. (सही)

साक्षीदार २: धर्मराज बाबुराव काकडे, तलवाडा. (सही)

दुरुस्ती. वरील सह्या होण्यापूर्वी धर्मराजने सर्व मजकूर वाचून घेतला, आणि कलम तिसरे पुन्हा वाचायला लावले. दानम्माने त्याच्यापुढे चहा ठेवला, तो निवला. मग म्हणाला, “वकीलसाहेब, पोरीच्या नावात नुसतं माझंच नाव हाय. मुकादमाला औंदा दुसरी जोडी बघ म्हनून सांगतो मी. पन हितं तिच्या आईचं नाव घाला, मग सही करतो.” त्याप्रमाणे कलम तिसऱ्यात ‘कु. सुनिता धर्मराज काकडे’ याऐवजी ‘कु. सुनिता सरस्वतीबाई धर्मराज काकडे’ असे वाचावे. दुरुस्ती मान्य. वि. के. हालगे.

ठिकाण: गेवराई
दिनांक: ६ सप्टेंबर १९९८